'स्पिनरच तर होता'

प्रिय दोस्ता,

रविवारी तू विकेटकीपिंग करत होतास आणि तुझं हेल्मेट जवळजवळ डावभर तुझ्या मागे गवतावर पडून होतं. पहिला स्पिनर आला, तू स्टंपजवळ आलास, कर्णधाराने बाहेरून हेल्मेट मागवलं. दोन चेंडू घातलंस आणि तिसऱ्याला काढून मागे ठेवलंस. पुढे एक चेंडू पॅडला लागून तुझ्या हातून निसटला आणि त्या हेल्मेटच्या वीतभर बाजूने गेला. लागला असता तर समोरच्यांना फुकटच्या 5 धावा. आपण जिंकलो 4 धावांनी, तेव्हा हिशेब तूच कर.

परत येताना मी विचारलं तर म्हणालास, "सर, स्पिनरच तर होता." मी गप्प बसलो. सोबत बाकीची पोरं होती. त्यांच्यासमोर सुनावलं असतं तर पुढच्या सामन्यात तू ते हट्टाने घातलं नसतंस. तुझ्या वयात मीही तेच केलं असतं.

तर स्पिनरचं बोलू. वेगवान गोलंदाजाला तू बराच मागे असतोस. कड लागली तरी चेंडू तुझ्याकडे येताना दिसतो. स्पिनरला तुझं तोंड स्टंपच्या मागे हातभर, आणि मध्ये फलंदाजाचं अख्खं शरीर. तो स्वीपला गुडघ्यावर बसला की चेंडू तुला दिसेनासाच होतो. मग ग्लोव्ह, पॅड, बॅटची वरची कड, कशाला तरी लागून तो एकदम समोर उगवतो. शिवाय बॅट मागे फिरते, स्टंपवरची बेल उडते. चेंडू हळू असतो हे कबूल. पण तुला मिळणारा वेळ त्याहून कमी असतो.

मार्क बाऊचर, दक्षिण आफ्रिकेचा कीपर. नाव तुला माहीत असेलच, तूही कीपर आहेस. जुलै 2012, इंग्लंडमधलं टॉन्टन, दक्षिण आफ्रिकेच्या इंग्लंड दौऱ्यातला पहिला सराव सामना. गोलंदाज इम्रान ताहिर, लेगस्पिनर. फलंदाज त्रिफळाचीत झाला आणि उडालेली बेल बाऊचरच्या डाव्या डोळ्यात गेली. हेल्मेट नव्हतं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधल्या हजार बळींच्या उंबऱ्यावर असलेला माणूस, पुन्हा कधी दक्षिण आफ्रिकेकडून उभा राहिला नाही. चेंडू तर त्याला लागलाही नव्हता.

आणि आपला भारताचा फलंदाज रमण लांबा. फेब्रुवारी 1998, ढाक्यातला क्लब सामना, गोलंदाज डावखुरा स्पिनर. कर्णधाराने त्याला शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, बोलावलं आणि हेल्मेटचं विचारलं. षटकाचे तीनच चेंडू उरलेत, तेवढ्यासाठी कशाला, असं म्हणून तो तसाच उभा राहिला. फटका कपाळावर बसला, चेंडू उडून कीपरच्या हातात गेला. सुरुवातीला कुणाला फार गंभीर वाटलं नाही. तीन दिवसांनी तो गेला. 38 वर्षांचा होता.

हे तुला घाबरवायला लिहीत नाहीये. घाबरलेला कीपर माझ्या काय कामाचा! मला तुला ते 'तीनच चेंडू' दाखवायचेत. तुझं 'स्पिनरच तर' त्याच घरातलं. 'नेटच तर आहे', 'वॉर्मअपच तर चाललाय', 'शेवटचीच विकेट आहे', ही सगळी त्याची भावंडं. मैदानात उभं राहून हेल्मेटचा विचार करायला लागलं की माणूस घासाघीस करतो आणि घासाघिशीत आळस जिंकतो. एल-गार्ड, ते जांघेतलं कवच, घालायचा की नाही याचा तू कधी विचार करतोस का? तो विसरलास तर पॅड बांधून झाल्यावरही सगळं सोडून परत घालतोस. मला हेल्मेटचं तेवढंच हवंय. स्टंपजवळ आलो की ते डोक्यावर, विषय संपला.

आता एक गोष्ट, जी मी संघातल्या कुणाला सांगितलेली नाही. माझे वरचे पुढचे दोन दात खोटे आहेत. ऑफस्पिनर, फलंदाजाचा स्वीप, वरची कड. मी एकोणीस वर्षांचा होतो. तोंडावर काहीतरी आदळलं एवढंच कळलं. खाली बघितलं तर ग्लोव्हच्या पिवळ्या रबरावर रक्त आणि एक दात. दुसरा कुठे गेला ते आजतागायत माहीत नाही. मी तो दात मुळाकडून धरून रुमालाने स्वच्छ पुसला, आणि तिथेच त्याची वाट लावली. (लक्षात ठेव: मुळाला हात लावायचा नाही, दुधात टाकायचा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पळायचं. बसवला जाण्याची आशा असते.)

पण दात हे माझं खरं नुकसान नव्हतं. दात बसवून घेतले, महिन्याभरात परत उभा राहिलो. पहिल्याच सराव सत्रात प्रशिक्षकांनी विचारलं, "तू डोळे का मिटतोयस?" मला पत्ताच नव्हता. फलंदाज गुडघा टेकायला लागला की माझी मान आपोआप उजवीकडे वळायची, चेंडू येण्याआधीच. सोपी स्टंपिंग सुटायला लागली. मग हळूच मी स्पिनरलाही दोन पावलं मागे उभा राहू लागलो. मोसम संपायच्या आत माझ्या जागी दुसरा आला. तो हेल्मेट घालायचा आणि स्टंपला चिकटून उभा राहायचा. तेव्हा आम्ही त्याला हसलोही होतो.

तुझं कौतुक सगळे कशासाठी करतात? चेंडू ग्लोव्हमध्ये शिरेपर्यंत तुझी नजर हलत नाही, म्हणून. ही नजर जपायची तर समोरची जाळी लागते.

तू म्हणशील, वेस्ट इंडीजचा व्हिव रिचर्ड्स कुठे घालायचा? नाही घालायचा. पण गावसकरांनीही पुढे कवटीपुरती टोपी बनवून घेतलीच. आणि 1978 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये ब्रिजटाउनला ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप कसोटीत हेल्मेट घालून उतरला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. आज त्या हुर्योचंच हसू येतं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये स्टंपजवळ उभ्या कीपरला 2023 पासून हेल्मेट सक्तीचं आहे. तुझ्या दोस्तांना हे कळायला अजून एखादं वर्ष लागेल. लागू दे.

तुझी एक तक्रार मात्र मला पटते. जीव घुसमटतो, नीट दिसत नाही. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ, त्याला हेल्मेटला मानेमागे लावायच्या गार्डचा असाच त्रास व्हायचा. ते लावलं की हृदयाचे ठोकेच वाढतात म्हणायचा. 2019 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या वेगवान जोफ्रा आर्चरचा चेंडू त्याच्या मानेवर बसला तेव्हा ते गार्ड नव्हतं. नंतर सक्ती झाली आणि त्यालाही सवय करावी लागली. म्हणजे त्रास खरा असतो, पण तो सवयीने जातो. अट एकच, हेल्मेट तुझ्या मापाचं हवं.

रविवारचं तुझ्या मापाचं नव्हतं. संघाच्या किटमधलं, सगळ्यांचं. तू खाली बसलास की ते भुवयांवर घसरत होतं आणि तू दर चेंडूला ग्लोव्हने वर सारत होतास, बघितलंय मी. घालून मान जोरात हलव, डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागून नाही. पट्टा हनुवटीखाली लावलेला, लोंबणारा नको. पुढची कड भुवयांच्या किंचित वर. आणि जाळी व कड यांच्या फटीत चेंडू घालून बघ. आत शिरला तर ते हेल्मेट शोभेचं. लहान मुलांचा चेंडू आकाराने छोटा असतो, मोठ्यांच्या हेल्मेटमधून तो कधी कधी आत जातो. त्यामुळे तुझ्या धाकट्या भावाला तुझं जुनं देऊ नकोस.

बैठकीत खालून बघताना जाळीची वरची सळी आड येते, ते चुकत नाही. त्यासाठी भिंतीवर टेनिस बॉल मारून झेल, रोज पंधरा मिनिटं, हेल्मेट घालून. पहिले चार दिवस चिडचिड होईल.

ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजने हेल्मेट घातलं होतं, तरी तो गेला, हेही तू म्हणशील. हो, 2014 मध्ये चेंडू हेल्मेटच्या खाली मानेवर लागला. म्हणूनच तर ती मानेमागची गार्डं सगळीकडे आली. हेल्मेट सगळं थांबवतं असं मी कधीच म्हणणार नाही. ते कवटी आणि चेहरा वाचवतं, पण आत मेंदूला बसणारा हादरा पूर्ण शोषू शकत नाही. डोक्याला काही लागलं, हेल्मेटवर का होईना, तर मला सांगायचं आणि त्या दिवशी परत मैदानात यायचं नाही. डोकं दुखणं, मळमळ, अंधुक दिसणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं. विकेट महत्त्वाची आहे वगैरे मला सांगू नकोस.

मंगळवारी सरावाच्या अर्धा तास आधी ये, माप घेऊ आणि कुठलं घ्यायचं ते ठरवू. माझं एक घरी आहे, दिसायला नव्यासारखं. पण त्यावर एकदा सणसणीत चेंडू बसलाय, आतला फोम दबला असणार, ते तुला देणार नाही. तोवर स्पिनरला मागे उभा राहा. तुझ्या हातून सुटून बायच्या धावा गेल्या तर जाऊ देत.

तुझा,
सर