नेम बरोबर, तरी बाण चुकतो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) स्केलेटनच्या, म्हणजे सांगाड्यासारख्या शत्रूच्या छातीवर असतो, तरी बाण एकदा पायाशी रुततो, एकदा डोक्यावरून जातो. माऊसची सेन्सिटिव्हिटी बदलून पाहिली, उपयोग झाला नाही. काय करावे?

उत्तर : सेन्सिटिव्हिटी होती तशी ठेवा, दोष तिचा नाही. एकच नेम धरून बाण कधी वर, कधी खाली जात असेल, तर दोर दर वेळी कमी-जास्त ताणला जातोय. धनुष्य पूर्ण ताणायला एक सेकंद लागतो, म्हणजे 20 टिक (टिक म्हणजे खेळाच्या घड्याळातला सेकंदाचा विसावा भाग). तेवढे थांबलात तर बाण दर टिकला 3 ब्लॉक (खेळातले ठोकळे, हेच अंतराचे माप) या वेगाने सुटतो. घाईत अर्ध्या सेकंदात सोडलात, तर वेग निम्मासुद्धा राहत नाही, 1.25 वर येतो. परिणाम बघा : पूर्ण ताणलेला बाण 15 ब्लॉकवर नेमाच्या रेषेखाली अर्धा ब्लॉक उतरतो, अर्धवट ताणलेला साडेतीन ब्लॉक!

म्हणून आधी एकच सवय लावा : पूर्ण ताणल्याशिवाय सोडायचे नाही. ताणताना दृश्य हळूहळू जवळ येते. ते यायचे थांबले की ताण पूर्ण झाला. सुटलेल्या बाणामागे बारीक चमकते कण दिसले, तर ताण पुरा होता याची खात्री. (सेटिंगमध्ये एफओव्ही इफेक्ट्स (दृश्य जवळ-लांब होण्याचा परिणाम) शून्यावर असतील तर दृश्य जवळ येणार नाही, मग मनात सेकंद मोजा.)

ताण एकसारखा झाला की उतार पाठ करता येतो. 15 ब्लॉकवर अर्धा, 30 वर सुमारे 2.4, 45 वर जवळजवळ 6 आणि 60 वर 11 ब्लॉक. अंतर दुप्पट झाले की उतार चौपटीपेक्षा थोडा जास्त होतो, कारण हवेत बाणाचा वेगही दर टिकला एक टक्का घटतो. आकडे लढाईत आठवत नाहीत, म्हणून मापाला समोरचा स्केलेटनच घ्या. तो सुमारे दोन ब्लॉक उंच असतो. 30 ब्लॉकवर त्याच्या डोक्यावर आणखी एक स्केलेटन उभा आहे असे समजा आणि त्या वरच्याच्या चेहऱ्यावर क्रॉसहेअर ठेवा. बाण खालच्याच्या छातीत जाईल.

सरावाला टार्गेट ब्लॉक (नेमाचा ठोकळा) वापरा. तो बनवायला गवताचा एक गठ्ठा आणि चार बाजूंना चार रेडस्टोन डस्ट (विजेसारखा सिग्नल वाहून नेणारी खेळातली पूड) लागते. बाण मध्याच्या जितका जवळ लागेल तितका त्याचा रेडस्टोन सिग्नल जोरदार, अगदी मध्याला 15. मागे रेडस्टोन डस्टची सरळ ओळ टाकली, की ती किती लांब उजळते यावरून नेम मोजता येतो. 15, 30 आणि 45 ब्लॉकवर खुणा करा. पुढच्या अंतरावर जायची घाई नको. 15 वर दहापैकी आठ बाण लागू लागले की मगच 30 वर जा.

प्रश्न : माइनक्राफ्टमध्येच पळणारा खेळाडू टिपता येत नाही. बाण नेहमी त्याच्या मागे पडतो.

उत्तर : 30 ब्लॉक कापायला बाणाला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त लागतो. तेवढ्यात चालणारा खेळाडू सव्वादोन ब्लॉक पुढे गेलेला असतो, धावणारा जवळजवळ तीन. नेम तेवढा पुढे धरा. तो आडवा न जाता तुमच्याकडेच येत असेल तर बाजूला काही धरायचे नाही. उलट अंतर कमी होतेय, म्हणून क्रॉसहेअर थोडा खाली आणा. आणखी एक चूक फार जण करतात : बाजूला सरकत सरकत सोडणे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तुमच्या हालचालीचा वेग बाणाला मिळतो आणि तो त्या बाजूला वाहतो. सोडताना क्षणभर थांबा.

प्रश्न : व्हॅलहाइम या गेममध्ये हरणाजवळ पोहोचतो, दोर ताणतो आणि ऐनवेळी स्टॅमिना (पात्राचा दम) संपतो.

उत्तर : तिथे दोर ताणून धरला की स्टॅमिना सतत गळत राहतो. पळत जाऊन लगेच ताणू नका. आडोशाला थांबून स्टॅमिनाची पट्टी भरू द्या, आधी नेम लावा आणि मगच ताणा. नेमाचे वर्तुळ आकसून लहान झाले की लगेच सोडा, आणखी धरून नेम सुधारत बसू नका. धनुष्याचे कौशल्य वाढेल तसा ताण लवकर पूर्ण होतो, त्यामुळे सुरुवातीला ही अडचण जास्त जाणवते.

प्रश्न : पाण्याखाली बाण का चालत नाही?

उत्तर : माइनक्राफ्टमध्ये पाण्यात बाणाचा वेग दर टिकला 40 टक्के घटतो. पूर्ण ताणलेला बाणही साडेसात ब्लॉकच्या आसपास दम तोडतो. तिथे त्रिशूळ वापरा, त्याला पाणी अडवत नाही. आर्क या गेममध्ये मात्र क्रॉसबो (घोडा ओढून सोडायचे आडवे धनुष्य) पाण्याखाली चालतो, साधे धनुष्य नाही.