फक्कीची रेघ

प्रश्न: काका, मी 23 वर्षांची आहे. छत्रपती संभाजीनगरला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. समाजसुधारकांची जन्मसालं पाठ करून डोकं भणाणलंय. इतकी वर्षं सुधारणा चालल्यात आणि माझ्या गावात आजही स्मशानभूमी दोन आहेत. ही डागडुजी पुरे, सगळं पाडून पायापासून नवं बांधावं असं वाटतं. तुम्ही बांधकामातले म्हणून विचारते, यात चूक काय?

उत्तर: तर मग बांधकामाचंच सांगतो.

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, आणि किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, तेच अंगावर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. लातूर-उस्मानाबादची 52 गावं उठवून नव्या जागी वसवायचं ठरलं. मी तेव्हा कनिष्ठ अभियंता, उमरगा तालुक्यातल्या एका गावाच्या आखणीवर. तुला हवाय तसा कोरा कागद मला मिळाला होता: काळं रान, वर एक भिंत नाही.

घराचं माप जमिनीवरून ठरायचं. भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या खातेदाराला 750. सातबारा बघायचा, प्लॉट द्यायचा. एका मापाची घरं एका ओळीत, कारण काम सोपं. नकाशात जात कुठंच लिहिलेली नव्हती. पण जुन्या गावात वेशीबाहेर राहिलेल्यांकडे जमीन असणार कुठून? 250ची ओळ उभी राहिली आणि छपरं चढायच्या आत लोक तिला जुन्याच वाड्याच्या नावानं ओळखू लागले. ती रेघ मी स्वतः फक्कीनं, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीनं, मारली होती.

एका आजीनं मला दारात उभं करून विचारलं, "सायेब, हितं बाईमाणसानं न्हायचं कुठं?" जुन्या घराला आडोशाचं अंगण होतं. नव्याचं दार थेट तीस फुटी रस्त्यावर. आराखडा करणारे आम्ही सगळे पुरुष, त्यातून शहरातले. आजीनं चार पत्रे आणि जुनं लुगडं लावून आडोसा केला. वर्षभरात ओळीतल्या बहुतेक घरांना तसे पत्रे लागले. सिमेंटच्या खोलीत कडबा, माणसं पत्र्याखाली. स्लॅबची भीतीच बसली होती.

त्याच काळात लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त झाली. पैसे हप्त्यानं घरमालकाच्या हातात. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार दगड बसवायचे. काम रटाळ, उद्घाटनाला कोण येणार! पण मोरी कुठं हवी हे त्या घरातली बाईच गवंड्याला सांगायची.

आता मी डागडुजीवाला ठरलो असं समजू नकोस. माळवदाखाली पिढ्या गारव्याला झोपल्या, म्हणून कुणाला ते मोडवत नव्हतं. पहिला हप्ता घेऊन माती तशीच ठेवणारेही मी पाहिले, आणि त्यांच्यावर चिडलोही. शिवाय माझ्या त्या फसलेल्या गावात एक गोष्ट एका झटक्यात झाली. जुन्या गावात विहिरी वेगळ्या होत्या. नव्यात पाण्याची टाकी एक, लाइन एक. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. दुरुस्ती करत बसलो असतो तर त्या विहिरीवरून अजून बैठका चालल्या असत्या. स्मशानभूमी मात्र नव्या नकाशातही दोन निघाल्या. दुसरी कुणी मागितली ते मला माहीत आहे, आणि सही माझी आहे.

तेव्हा पाडायचं की नाही यावर तुझ्याशी वाद घालत नाही. तुझ्या नव्या गावात घराचं माप कशावरून ठरणार आणि फक्कीचं घमेलं कुणाच्या हातात असणार, तेवढं पुढच्या पत्रात लिही. नकाशा जोडलास तर उत्तम.