हिमपात, हिमकडा की हिमस्खलन?

एका वाचकाने विचारलं आहे: "माझा भाचा लष्करात आहे, सध्या कारगिलच्या बाजूला. त्यामुळे तिकडच्या बातम्या आमच्या घरात डोळ्यांत तेल घालून वाचल्या जातात. एकाच घटनेला कुणी 'हिमपात' म्हणतं, कुणी 'हिमस्खलन', तर कुणी 'हिमकडा कोसळला'. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि 'झोजिला खिंड' लिहायचं की 'झोजिला पास'?"

तिन्हींचा अर्थ एक नाही. त्यातला 'हिमपात' तर सरळ चुकीचा आहे, म्हणून आधी त्याचा निकाल लावू. हिमपात म्हणजे आभाळातून बर्फ पडणं. पाऊस पडतो तसाच हा प्रकार, म्हणून 'हिमवर्षाव'ही म्हणतात. तो भुरभुर असेल, जोराचा असेल, पण ते हवामान झालं. पडून डोंगरावर साठलेला बर्फ जागा सोडून खाली धावत सुटतो ते हिमस्खलन. उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी २८ फेब्रुवारी २०२५ रोजी रस्तेबांधणीच्या मजुरांची वस्ती गाडली गेली. ५४ जण अडकले होते, त्यांतले ८ दगावले. आधी तिथे जोरदार हिमपात चालू होता आणि मग हिमस्खलन झालं. म्हणजे त्या बातमीत दोन्ही शब्द यायलाच हवेत, पण आपापल्या जागी. 'हिमपातात मजूर गाडले गेले' असं लिहिलं, की बर्फ भुरभुरता भुरभुरता माणसं झाकली गेली असं चित्र उभं राहतं.

'हिमस्खलन' हा शब्द बऱ्याच जणांना जड वाटतो, आणि 'स्खलन' म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात वेगळेच अर्थ येतात, म्हणून तो टाळलाही जातो. खरं तर शब्द नेमका आहे. संस्कृतात 'स्खल्' म्हणजे अडखळणं, पाय घसरणं. गंमत अशी की, जर्मन भाषेत हिमस्खलनाला 'लाविने' म्हणतात आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'लाबी', म्हणजे घसरणं, या क्रियापदात आहे. त्याच क्रियापदातून इंग्रजीतला 'लॅप्स', म्हणजे चूक, आला. आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आणि आपल्या शब्दकारांनी एकमेकांना न विचारता एकच क्रिया निवडली. नैतिक घसरण आणि बर्फाची घसरण दोन्हीकडे एकाच घरात नांदते. हिंदीच्या पारिभाषिक शब्दांत 'अवधाव' असाही एक शब्द आहे: खाली धावणं. तो मला स्खलनापेक्षाही आवडतो, पण मराठीत तो कुणाला कळणार नाही.

आता 'हिमकडा'. या शब्दाशी माझं खरं भांडण आहे, आणि ते निव्वळ भाषेचं नाही.

कडा हा सह्याद्रीतला शब्द. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्याने पाहिला आहे, त्याच्या डोळ्यांपुढे कडा म्हटलं की उभी भिंत येते. म्हणून 'हिमकडा कोसळला' हे वाचणारा माणूस मनात बर्फाची उभी भिंत तुटताना पाहतो. हिमनदीच्या तोंडाशी असे बर्फाचे सुळके खरोखर असतात आणि ते तुटतातही. पण माणसं ज्यात सापडतात ती बहुतेक हिमस्खलनं उभ्या भिंतीवरून येतच नाहीत. ती साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. आपल्या घरातल्या जिन्याचा उतार तीस-पस्तीस अंशांचा असतो, म्हणजे जिन्याइतका किंवा त्याहून थोडा उभा उतार. खडी भिंत असेल तर बर्फ तिथे साठतच नाही, पडता पडताच थोडा थोडा सांडून जातो. जो उतार बर्फाला निजू देतो, तोच धोक्याचा. 'कडा' या शब्दाने माणसाची नजर वर सुळक्यांकडे जाते आणि बाजूचा गुळगुळीत, पांढराशुभ्र, फोटो काढावासा वाटणारा उतार निरुपद्रवी वाटतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही श्रीनगरहून द्रासकडे निघालो होतो. झोजी ला नुकताच वाहतुकीला खुला झालेला. यंत्रांनी बर्फ कापून काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमच्या गाडीच्या टपाहून उंच भिंती. गाडी रांगेत थांबली तेव्हा मी खिडकीतून हात बाहेर काढून त्या भिंतीला लावला. ती एकसंध नव्हती. चिरोट्याला असतात तसे पदर होते: पांढरा, मग मळकट राखाडी रेघ, मग पुन्हा पांढरा. एक पदर नखाने टोकरला तर दगडासारखा टणक. त्याखालचा मात्र जाड्या साखरेसारखा भसाभसा ओघळला. हे पाहून चालक हसला आणि म्हणाला, "साहब, ये गिरता नहीं, ऊपर से चल के आता है."

हिमस्खलनाची सगळी मेख त्या साखरेत आहे. एका वादळात पडलेला बर्फ घट्ट बसतो, त्यावर पुढच्या वादळातला बसतो, आणि मध्ये कुठेतरी हा साखरेसारखा सुटा, एकमेकांना न धरणारा थर राहून जातो. वरचा घट्ट थर त्यावर नुसता टेकलेला असतो. कुणीतरी त्यावर पाय टाकतो, खालचा थर बसतो, भेग वाऱ्यासारखी पसरते आणि वरचा अख्खा थर फरशीसारखा एकदम सुटतो. इंग्रजीत या प्रकाराला 'स्लॅब' म्हणतात. मराठीत मी त्याला 'लादी सुटणे' म्हणेन. हा कोशातला शब्द नाही, माझा आहे, पण ज्याने घरात पोकळ वाजणारी लादी पाहिली आहे त्याला वेगळं समजवावं लागत नाही. आणि अशा अपघातांत बहुतेक वेळा लादी सोडवणारा पाय त्या सापडलेल्या माणसाचा किंवा त्याच्याच सोबत्याचा असतो. 'कोसळला' या क्रियापदात हे कुठेच येत नाही. कोसळणं वरून होतं, आपण खाली नुसते उभे असतो.

आपल्या गिर्यारोहकांकडे 'घसारा' हा सुंदर शब्द आहे. मुरूम आणि बारीक खडी पसरलेला, पाय ठरू न देणारा उतार म्हणजे घसारा. (हिशेबनिसांनी तो यंत्रांच्या झिजेसाठी पळवला, पण डोंगरात तो अजून शाबूत आहे.) 'हिमघसारा' म्हणायचा मोह होतो, पण घसारा ही जागेची अवस्था आहे, घटना नाही. त्यापेक्षा बोलताना 'बर्फाची दरड आली' असं म्हटलं तर मी हरकत घेणार नाही. दरड मुळात डोंगराची किंवा नदीची उतरती बाजू. पण माळीण, तळिये, इर्शाळवाडी यांनंतर या शब्दाला समजवावं लागत नाही. लिहिताना मात्र हिमस्खलनच.

२०२१च्या फेब्रुवारीत उत्तराखंडातल्या चमोलीत ऋषिगंगेला आलेल्या लोंढ्याच्या वेळी 'हिमकडा कोसळला' हे शब्द सगळीकडे ऐकू आले. पुढे अभ्यासात दिसलं की रोंटी शिखराचा तुकडाच तुटला होता, सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा, आणि त्यात बर्फ कमी, खडकच जास्त. दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तिथे कडा खरोखरच कोसळला होता. चुकलं ते 'हिम'.

जाता जाता एक. या सगळ्यासाठी मराठीत जुना, घरगुती शब्द नाही याचं नवल वाटायला नको. 'हिम' आपल्याकडे आला तो 'हिव' होऊन: हिवाळा, हिवताप, हिव भरणं. थंडी आली, बर्फ काही आला नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं की त्याची बातमी होते, एवढंच आपलं बर्फाशी नातं. 'बर्फ' फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ भुरभुरणारा हिम. इकडे तो गोळेवाल्याच्या लादीला चिकटला, आणि आता आभाळातून पडणाऱ्यालाही तेच नाव आणि सरबतातल्या खड्यालाही तेच.

आता झोजी ला. तिबेटी आणि लडाखी भाषांत 'ला' म्हणजेच खिंड. झोजी ला, खारदुंग ला, बारालाचा ला, नथू ला, सगळीकडे हाच 'ला'. त्यामुळे 'झोजिला खिंड' म्हणजे 'झोजी खिंड खिंड'. पण मी त्यासाठी लाल पेन काढणार नाही. 'सह्याद्री पर्वत' आपण बिनदिक्कत लिहितो, आणि 'अद्रि' म्हणजे पर्वतच. अनोळखी वाचकासाठी पहिल्यांदा 'झोजी ला ही खिंड' असं लिहावं आणि पुढे नुसतं 'झोजी ला'. 'पास' मात्र कशाला? खिंडीसारखा शब्द हाताशी असताना उसनवारीची गरज नाही. खिंडीला आपल्याकडे इतिहास आहे, वाक्प्रचार आहेत: खिंड लढवणं, खिंडीत गाठणं. ३,५२८ मीटरवरचा झोजी ला तर अक्षरशः लढवला गेला आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी तिथे भारतीय सैन्याने चक्क रणगाडे चढवले होते. 'घाट' हा शब्द वळणावळणाच्या रस्त्यासाठी ठेवावा. बालटालच्या बाजूने वर चढणारा रस्ता हा झोजी लाचा घाट, आणि माथ्यावरची फट ती खिंड.

एक सूचना मात्र पाळावी: 'ला' तोडून लिहावा. जोडला की आपल्या कानाला ती चतुर्थी वाटते. 'झोजीला जाताना रस्ता बंद होता' यात झोजी हे गाव वाटतं, आणि 'नथूला बर्फ लागला' असं वाचून आमच्या आईने विचारलं होतं, "कोण रे हा नथू? आपल्याकडचाच का?"