गुलामी भोगलेल्या माणसांनीही गुलामांचा व्यापार बंद पाडायला हातभार लावला होता का?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमधला गुलामांचा व्यापार विल्बरफोर्ससारख्या खासदारांनीच बंद पाडला, की गुलामी भोगलेल्यांचाही त्यात वाटा होता. होता, आणि मोठा होता. मी ओलौदा इक्वियानो या एकाच माणसाबद्दल सांगतो.

त्याच्या आत्मचरित्राप्रमाणे त्याचा जन्म १७४५च्या सुमारास, आजच्या नायजेरियातल्या इग्बो मुलखात झाला. अकराव्या वर्षी बहिणीसकट त्याला पळवून नेलं. पास्कल नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने त्याला विकत घेतलं आणि गुस्तावस वासा असं नाव दिलं. ब्रिटन-फ्रान्समधल्या ‘सात वर्षांच्या युद्धात’ तो पास्कलबरोबर लढाऊ जहाजांवर राबला. युद्ध संपलं की आपण सुटणार, अशी त्याला आशा होती. पास्कलने १७६२च्या अखेरीस त्याला विकून टाकलं.

तो कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात बेटावर रॉबर्ट किंग या व्यापाऱ्याकडे आला. किंगच्या जहाजांवर काम करता करता त्याने तीन पेन्सांच्या भांडवलावर स्वतःचा धंदा मांडला. एका बेटावर काचेचा पेला घ्यायचा, दुसऱ्यावर दुप्पट भावाने विकायचा, आलेल्या पैशांत पुन्हा माल भरायचा. एकदा सांताक्रूझ बेटावर त्याची आणि त्याच्या सोबत्याची लिंबं-संत्री गोऱ्यांनी हिसकावून घेतली. दाद मागायला गेले तर किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याने शिव्या देऊन हाकललं. पुष्कळ गयावया केल्यावर इक्वियानोचा माल परत मिळाला, पण म्हाताऱ्या सोबत्याची थैली गेली ती गेलीच. तेव्हा आपल्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा फळं त्याने त्याला दिली. अशा मुलखात त्याने पै पै साठवली आणि १० जुलै १७६६ रोजी ४० पौंड मोजून स्वतःला सोडवलं. पैसे समोर आल्यावर किंगसुद्धा कचरला होता!

लगेच तो गुलामीविरोधी चळवळीत पडला असं मात्र नाही. १७७६ साली मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका मळ्यासाठी त्याने स्वतः गुलाम निवडून आणले. मला हे फार खुपतं, पण त्याने ते पुस्तकात लपवलेलं नाही.

१७८१मध्ये झाँग या गुलाम वाहणाऱ्या जहाजावरून १३०च्या आसपास आफ्रिकी माणसं जिवंत समुद्रात फेकली गेली आणि मालकांनी त्यांच्याबद्दल विम्याची भरपाई मागितली. १७८३मध्ये ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प या गुलामीविरोधी कार्यकर्त्यापर्यंत नेली ती इक्वियानोनेच. खुनाचा खटला कधीच उभा राहिला नाही, पण त्या प्रकरणाने अनेकांना हादरवलं.

१७८९मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. इथेही त्याचा व्यापारी हिशेब पक्का होता. आगाऊ वर्गणीदार जमवले, हक्क स्वतःकडे ठेवले आणि इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडभर हिंडून पुस्तक विकलं. त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या. तोवर गुलामांबद्दल बोलणारे बहुतेक गोरे होते. जहाजाच्या तळघरातली दुर्गंधी, साखळदंड आणि किंकाळ्या आतून सांगणारा हा माणूस हजारो घरांत पोहोचला. संसदेत विल्बरफोर्सच्या मागे जनमत उभं राहिलं, त्याला हे पुस्तकही कारण आहे, असं माझं ठाम मत आहे.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्याचं जन्मस्थान अमेरिकेतलं कॅरोलिना असल्याने त्याच्या आफ्रिकेतल्या जन्माबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण मॉन्टसेरातमधलं आयुष्य आणि नंतरची चळवळ या वादाबाहेर आहेत. तो १७९७मध्ये वारला, गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा १८०७मध्ये झाला. पुस्तक आता इंटरनेटवर मोफत मिळतं. सगळं वाचायला वेळ नसेल, तर दुसरं आणि सातवं प्रकरण आधी वाचा.