नर्सिंग सोडून कॉम्प्युटरवर बसणार म्हणते: तासगावच्या एका वडिलांच्या पत्राला उत्तर

नमस्कार दादा,

पत्र मिळालं, मोठं होतं पण मोकळेपणानं लिहिलंय, त्यामुळं घरात काय चाललंय ते नीट कळलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा तासगावकडचे, द्राक्षबाग आहे. मुलीनं बीएस्सी नर्सिंग केलं, तीन वर्षं झाली मिरजेत एका मोठ्या हॉस्पिटलला मेडिसिन वॉर्डात ड्युटी करतीय. मध्यंतरी तिथं नवीन सॉफ्टवेअर आलं, त्यात ती एवढी रमली की आता म्हणते मला हेच काम करायचंय. पुण्याची एक कंपनी घ्यायला तयार आहे पण दोन वर्षांचा बॉण्ड आणि ओरिजिनल सर्टिफिकेट मागतीय, आणि दुसरीकडं एक क्लासवाला पावणेदोन लाखात 'हेल्थ आयटी'चा कोर्स आणि शंभर टक्के प्लेसमेंट देतो म्हणतोय. दादांचा प्रश्न असा की एवढा खर्च करून सिस्टर केली ती क्लार्कसारखी कॉम्प्युटरवर बसवायला का? आणि आत्याबाई म्हणतायत की एआय आलंय, कॉम्प्युटरच्या नोकऱ्या जाणार, नर्सची जाणार नाही.

आत्याबाईंचं अर्धं बरोबर आहे, नर्सची नोकरी खरंच जात नाही. पण म्हणूनच तुमच्या मुलीला या लाईनमध्ये किंमत आहे, कारण ती नर्स आहे. नुसतं कॉम्प्युटर येणारी पोरं सांगलीत गल्लोगल्ली मिळतील, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून दरवर्षी चांगली हुशार बाहेर पडतात, पण त्यांतल्या किती जणांनी रात्री दोन वाजता वॉर्डात इन्सुलिन भरलंय?

इन्सुलिनचंच घ्या, म्हणजे तिचं काम काय ते तुम्हाला लगेच दिसेल. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका एमएलमध्ये ४० युनिटवाली आणि १०० युनिटवाली. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. आता १०० वाली बाटली आली आणि हातात लाल टोपणाची सिरिंज असली, तर १० च्या रेघेपर्यंत भरलं की पेशंटला १० नाही २५ युनिट जातात. अडीचपट. शुगर धाडकन खाली, पेशंट घामाघूम, वेळेत कळलं नाही तर बेशुद्ध. त्यात डॉक्टरनं घाईत '4U' लिहिलं आणि तो यू शून्यासारखा दिसला तर ४ चे ४० होतात. यात अडाणी कुणी नसतं, डॉक्टरनं बरोबरच लिहिलेलं असतं, फार्मसीनं बरोबरच दिलेलं असतं, सिस्टरनं लिहिलंय तसंच केलेलं असतं, फक्त एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचताना मध्येच घसरतं. हे सॉफ्टवेअरमध्ये अडवायचं असेल तर स्क्रीनवर 'युनिट' पूर्ण लिहून आलं पाहिजे, बाटली ४० ची का १०० ची ते औषधाच्या नावासोबतच दिसलं पाहिजे, आणि नेहमीपेक्षा फार मोठा डोस टाकला तर सिस्टीमनं थांबून विचारलं पाहिजे. पुण्यात बसलेल्या इंजिनिअर पोराला टोपणाचा रंग कुठून माहिती असणार? कुणीतरी सांगावं लागतं ना त्याला. ते सांगणारी माणसं कमी आहेत.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं अंदाज काढला होता की त्यांच्या हॉस्पिटलांत टाळता येण्यासारख्या चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरतात. तेव्हापासून जगभर हा विषय हॉस्पिटलवाल्यांनी मनावर घेतला, आणि त्यात सारखं एकच पुढं येतं की माणसं एकमेकांशी नीट बोलली नाहीत, किंवा बोलली पण नोंद राहिली नाही.

आपलं मिरज बघा की. १८९४ ला डॉ. वानलेसांनी हॉस्पिटल काढलं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज अथणी, चिकोडी, विजापूरकडनं माणसं गाडी करून इथं येतात. एक मामा, कन्नडशिवाय काही येत नाही, तिकडच्या दवाखान्याची फाईल पिशवीत, इथल्या डॉक्टरची चिठ्ठी मराठी-इंग्लिश मिक्स, डिस्चार्ज कार्ड पूर्ण इंग्लिशमध्ये. घरी गेल्यावर रक्त पातळ व्हायची गोळी चालू ठेवायची का बंद करायची हे त्या मामांना कोण सांगणार? मुलगी मराठी-कन्नड दोन्ही बोलते असं तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण दादा ती सहज गोष्ट नाही हो! डिस्चार्जचा कागद पेशंटच्या भाषेत, 'रात्री जेवल्यावर १ गोळी' एवढ्या साध्या शब्दांत सिस्टीममधून छापून यावा, हे करायला वॉर्ड, दोन भाषा आणि कॉम्प्युटर तिन्ही कळणारं माणूस लागतं.

तुम्ही म्हणाल हे सगळं सॉफ्टवेअर कशाला, आधी वहीवर चालतच होतं की. तुमच्या बागेचंच बघा, एक्स्पोर्टचा माल असला की कुठल्या प्लॉटवर कुठलं औषध, किती, कुठल्या तारखेला मारलं ते लिहावं लागतं, ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी असते, कारण तिकडं युरोपात पेटीत रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, निघाला तर माग काढत प्लॉटपर्यंत यायचं असतं. फवारणी तुम्ही आधीही करतच होता, पण नोंद नसेल तर तुमचा शब्द कोण ऐकणार? वॉर्डात तेच, फक्त इथं पेटी परत येत नाही.

आता लॅबचं. समजा पेशंटचं पोटॅशियम ६.८ आलं, जे साधारण ५ च्या आत पाहिजे, म्हणजे हृदय कधीही बंद पडू शकतं. लॅबवाला वॉर्डला फोन करतो, फोन उचलतो वॉर्डबॉय, तो म्हणतो सांगतो सिस्टरना, तेवढ्यात दुसरा पेशंट ॲडमिट होतो, सिस्टर तिकडं, ड्युटी बदलायची वेळ होते आणि ती गोष्ट हवेत राहते. चांगल्या सिस्टीममध्ये तो आकडा लाल होऊन डॉक्टरच्या मोबाईलवर जातो आणि 'बघितलं' असं दाबेपर्यंत पिच्छा सोडत नाही, कुणी किती वाजता बघितलं तेही राहतं. आणि फोनच करायचा असेल तर घेणाऱ्यानं आकडा लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा, हा नियम तर साधा कागदावरचा आहे, त्याला कॉम्प्युटरही लागत नाही. तुमच्या मुलीला विचारा, तिला हे पाठ असेल.

पण एक सांगतो, सॉफ्टवेअर आलं की पेशंट सुरक्षित, असं मी म्हणणार नाही, आणि क्लासवाले जेव्हा असं म्हणतात तेव्हा मला राग येतो. सॉफ्टवेअर नवीन घोटाळे पण आणतं. सर्चमध्ये 'सुनंदा पाटील' टाका, आपल्या भागात पाच-सहा निघणार, घाईत वरच्या नावावर क्लिक केलं की एकीचं इंजेक्शन दुसरीच्या नावावर. म्हणून नाव आणि सोबत नोंदणी नंबर किंवा जन्मतारीख, दोन्ही जुळवायचं असतं, बेड नंबर त्यात धरत नाहीत, कारण पेशंटचा बेड बदलतो. तरी आपल्याकडं अजून 'सात नंबरला सलाईन लाव' असंच चालतं. मग ते अलर्ट, प्रत्येक औषधाला लाल चौकोन, शेवटी माणूस न वाचता ओके ओके दाबत सुटतो, त्यात एखादा खरा असतो तोही जातो. एका सिस्टरच्या लॉगिनवर सगळा वॉर्ड काम करतो. कालची नोट कॉपी करून आज पेस्ट, मग पेशंट घरी गेला तरी नोटमध्ये कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, चालूच! आणि व्हॉट्सॲप ग्रुप, रिपोर्टचा फोटो टाकला की काम पटकन होतं हे खरंय, पण पेशंटची माहिती कुठंकुठं फिरते आणि फाईलला मात्र काहीच राहत नाही.

तर हे घोटाळे कोण शोधणार? तेच ते काम. कंपन्यांत त्याला इम्प्लिमेंटेशन म्हणतात, कुठं क्लिनिकल ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट, कुठं नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स, हॉस्पिटलात असेल तर क्वालिटी डिपार्टमेंट नाहीतर एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाचं, काम बघणाऱ्यांत धरतात. क्लार्क नाही दादा. आणि एसीत बसून आरामाचं पण नाही, नवीन सिस्टीम चालू होते त्या आठवड्यात रात्रभर वॉर्डात उभं राहावं लागतं आणि सीनियर डॉक्टरांची बोलणीही खावी लागतात. पगार सुरुवातीला वॉर्डापेक्षा फार जास्त असेल अशी आशा ठेवू नका, पुढं वाढतो तो अनुभवावर.

हे फॅड आहे का, असंही तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्याचा तो १४ आकडी आभा नंबर, म्हणजे आरोग्याच्या नोंदींसाठीचा ओळख नंबर, तुमचा काढलाय का? नसेल तर मुलीकडनं काढून घ्या. त्यात रिपोर्ट जिथं तयार झाला तिथंच राहतो आणि तुम्ही परवानगी दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसतो, म्हणजे हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलती करायचं मोठं काम अजून पडलंय. आणि २०२१ च्या अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट आणि इन्फॉर्मेटिक्सवाल्यांचा वेगळा गट धरलाय, फिजिओथेरपी आणि लॅबवाल्यांसारखा. एआयचं म्हणाल तर ते येणारच, पण त्यानं लिहिलेली नोट बरोबर आहे का चूक हे बघायलाही वॉर्ड कळणारंच माणूस लागेल.

आता करायचं काय. पावणेदोन लाख भरू नका. एवढं स्पष्ट सांगतो. शंभर टक्के प्लेसमेंट लिहिणाऱ्यांकडं मागच्या बॅचच्या पाच मुलांचे फोन नंबर मागा, दिले तर बघू. त्याआधी तिनं आहे त्याच हॉस्पिटलात सहा-आठ महिने हे काम मागून घ्यावं, मेट्रनला आणि आयटीवाल्यांना भेटून सांगावं की माझ्या वॉर्डाची सॉफ्टवेअरची जबाबदारी मी घेते, नवीन सिस्टरांना मी शिकवते. कुठंही डोस चुकता चुकता राहिला की तारीख, काय झालं, स्क्रीनवर काय दिसत होतं, ते पेशंटचं नाव न घालता एका वहीत लिहून ठेवायचं आणि क्वालिटीवाल्यांना कळवायचं. इंटरव्ह्यूत ती वही दहा सर्टिफिकेटांना भारी पडेल.

घरी बसून शिकण्यासारखं भरपूर फुकट आहे. एक्सेल नीट, मग थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटातनं आपल्याला पाहिजे ते काढता येतं. ओपनएमआरएस आणि बाह्मनी ही हॉस्पिटलची सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत, बाह्मनीची सुरुवात तर छत्तीसगडच्या गनियारीतल्या एका ग्रामीण हॉस्पिटलातनं झाली, त्याचे डेमो उघडून स्वतः खोटे पेशंट ॲडमिट करून बघायचे. एफएचआयआर म्हणजे हॉस्पिटलांनी एकमेकांना माहिती कुठल्या साच्यात पाठवायची ते, त्याची तोंडओळख करून घ्यायची, आणि आजारांची वगैरे नावं सगळीकडं एकसारखी नोंदवायचे स्नोमेड, आयसीडी हे कोड कशासाठी असतात तेवढं. प्रोग्रामिंग आलंच पाहिजे असं काही नाही. पुढं वाटलंच तर टाटा इन्स्टिट्यूटचं, टिसचं, हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन आहे, पण ते नंतर, आणि एंट्रन्स देऊन.

नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र काही झालं तरी रिन्यू करत राहायचं. लाईन नाही जमली तर वॉर्डात परतायचा रस्ता उघडा पाहिजे, आणि आत्याबाईंचं समाधान पण होईल.

पुण्याची कंपनी वाईट असेल असं नाही, पण बॉण्डचा कागद सही करायच्या आधी घरी आणून वाचा. आधीच सोडलं तर किती पैसे भरायचे, ट्रेनिंग किती महिने, तेवढ्यात पगार पूर्ण का अर्धा, आणि परगावी साईटवर पाठवलं तर राहायचा खर्च कुणाचा, हे चारही लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं धरू नका. कामाचं स्वरूपही विचारा, नुसतं सपोर्टचे फोन उचलायला घेणार असतील तर तिचा वॉर्डाचा अनुभव वाया जाईल. आणि ओरिजिनल द्यायच्या नाहीत, मार्कशीट नाही, रजिस्ट्रेशन नाही, काहीच नाही. दाखवायला न्यायचं, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल घेऊन परत यायचं. त्यावर अडून बसले तर ती नोकरी सोडून द्या, छाटणी झाली की मुलीला घेऊन सांगलीला या, बसून दुसऱ्या कंपन्यांची यादी काढू.