आजोबांचं सोडा, आधी मिस्टरांना सायकलवर बसवा

नेदरलँड्समधनं एका ताईंनी विचारलंय, डिसेंबरात कोल्हापूरला येतोय, सत्तरीचे सासरे, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक, सगळ्यांनी मिळून दोन-तीन दिवस सायकलवरनं फिरायचंय, तर पन्हाळा-जोतिबा करावं का.

ताई, पन्हाळा नको. नकाशात 20 किलोमीटर दिसतंय खरं, पण वाघबीळपासनं जो चढ सुरू होतोय तिथं भले भले खाली उतरून सायकल ढकलतात, आणि एकदा पोरगी रडायला लागली की सुट्टीचा सगळा विचका. त्यापेक्षा तोंड पूर्वेकडं करा. इचलकरंजीपर्यंत पहिला दिवस, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडवरनं नरसोबाची वाडी. सगळा सपाट मुलूख, दोन्ही बाजूला ऊस. सांगलीचा हायवे मात्र टाळा, आतल्या गावांतनं जावा. वळिवड्यात जरा थांबा, दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे हजारो निर्वासित तिथं छावणीत राहिले होते, युरोपात वाढणाऱ्या पोरीला हे आजोबांच्या तोंडनं ऐकू दे.

सासऱ्यांची तुम्ही फार काळजी केलीय, पण तीस वर्षं सायकलवरनं मिल गाठली म्हणून तुम्हीच लिहिलंय की. लेक तर रोज सायकलनंच शाळेला जाते. मग राहिलं कोण? दिवसभर लॅपटॉपपुढं बसणारे तुमचे मिस्टर! त्यांना आत्तापासनं शनिवार-रविवार 20-25 किलोमीटर मारायला लावा, नाहीतर इचलकरंजीत यंत्रमाग खडखडतायत का ह्यांचे गुडघे ते कळायचं नाही. सासऱ्यांसाठी तिकडची ई-सायकल आणायचा विचार असेल तर सोडा, प्रवासी विमानात 160 वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही आणि ई-सायकलची साधारण 400-500 ची असते. एक छोटा टेम्पो किंवा जीप मागं ठेवा, ते दमले की बसतील. फक्त "बाबा, तुम्ही गाडीत बसा" असं आपणहून म्हणू नका, मुद्दाम पुढं निघतील.

लेकीचं वेगळंय. तिला उजव्या बाजूनं आणि सायकलच्या वेगळ्या रस्त्यानं जायची सवय, इथं डावीकडनं जायचं आणि वळताना आधी उजवीकडं बघायचं. दोन दिवस पहाटे रंकाळ्याभोवती फिरवा, सवय होईल. हेल्मेट तिकडनंच आणा, मापाचं असतंय.

आता खरी भीती कशाची ते सांगते. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यात ऊस बाहेर लोंबतोय, मागं कित्येकदा लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि रस्त्यावर सांडलेल्या कांड्यांवरनं चाक घसरतंय. म्हणून उजाडलं की निघायचं, ऊन तापायच्या आत निम्मं अंतर मारायचं, आणि दिवस मावळला की एकही चाक रस्त्यावर नको. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत तर हा बेत अजिबात करू नका, 2019 आणि 2021 ला पंचगंगेच्या पुरानं काय केलं ते घरच्यांना विचारा.

तिकडच्या सायकली आणणार असाल तर बारीक तोंडाच्या प्रेस्टा वॉल्वचं पितळी अडॅप्टर खिशात ठेवाच. मागं माझ्या भाच्याची सायकल कुरुंदवाडच्या अलीकडं पंक्चर झाली. पंक्चरवाल्या मामांनी ट्यूब काढली, घमेल्यात बुडवून बुडबुडे दाखवले, सोल्युशन लावून पॅच मारला, सगळं दहा मिनिटांत, आणि हवा भरायला गेले तर पंपाचं तोंडच बसंना. "ह्ये कसलं वॉल म्हणायचं ओ?" म्हणून ट्यूब चार जणांच्या हातातनं फिरली, शेवटी एवढी भारी सायकल टेम्पोत घातली.

वाडीला दर्शन झालं की बासुंदी खा, कवठाची बर्फी बांधून घ्या. अजून दम असेल तर पुढं खिद्रापूरला कोपेश्वराचं मंदिर बघा, स्वर्गमंडपाच्या मधोमध छत मोकळं गोल आहे, पोरीला तिथं उताणी झोपून आभाळ बघू दे. येताना सायकली टेम्पोत टाका. आणि घरी आधीच सांगून ठेवा, त्या रात्री भेटायला म्हणून कुणाला बोलवू नका.