‘प्लीज’ लावूनही वाक्य हुकमासारखं का वाटतं?

तुम्ही वरिष्ठांना मेल केलात: ‘प्लीज सेंड मी द रिपोर्ट बाय टुमॉरो. प्लीज चेक पेज फोर ऑल्सो.’ त्यावर ‘ऑर्डर सोडल्यासारखं लिहू नका’ असं ऐकून घ्यावं लागलं. दोन्ही वाक्यांत ‘प्लीज’ असताना चुकलं कुठे, हा तुमचा पहिला प्रश्न. वरिष्ठांना काही सुचवायचं झालं तर कसं, हा दुसरा. आणि ‘हाऊ’, ‘व्हॉट’ने सुरू होणारी उद्गारवाचक वाक्यं नेहमी का अडतात, हा तिसरा.

मराठी माध्यमातून शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या लोकांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे. पहिला प्रश्न जवळजवळ दर बॅचला येतो. आधी एक सांगते, तुमचं व्याकरण कच्चं नाही. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. अडचण आपल्या मराठीच्या सवयीतून आली आहे.

मराठीत आदर क्रियापदाच्या शेवटी बसतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावं’, ‘पाठव ना जरा’ यांतलं प्रत्येक रूप नातं सांगतं. ‘पाठवा’ म्हटलं की मान दिला गेला, वेगळं काही करायला लागत नाही. इंग्रजीत आज्ञार्थाचं रूप एकच: ‘सेंड’. लहान मुलाला तेच, साहेबांनाही तेच. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या तिघांना मिळून एकटा ‘यू’, आणि आज्ञार्थात बहुतेक वेळा तोही गळून पडतो. तुम्ही मनात ‘पाठवा’ म्हणत लिहिलंत, पण तो शेवटचा ‘वा’ इंग्रजीत उतरलाच नाही. ‘प्लीज’ने धार थोडी बोथट होते, इतकंच. समोरच्याने काम करायचंच आहे, हे तसंच राहतं.

इंग्रजीत मान देण्याची रीत म्हणजे समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवणं. म्हणून विनंती प्रश्नाचं रूप घेते: ‘कुड यू सेंड मी द रिपोर्ट?’ त्याहून नरम हवं असेल तर ‘वुड यू माइंड सेंडिंग मी द रिपोर्ट?’ इथे एक खड्डा आहे. ‘माइंड’ म्हणजे हरकत असणं, म्हणून तयारी असेल तर उत्तर ‘नॉट ॲट ऑल’ असं येतं. घाईत ‘येस’ म्हटलं तर शब्दशः अर्थ ‘हो, माझी हरकत आहे’ असा होतो.

मग आज्ञार्थ टाळायचाच का? मुळीच नाही. एकदा फटका बसला की लोक सगळीकडे ‘कुड यू’ लावत सुटतात आणि पाहुण्यालाही ‘कुड यू सिट डाउन?’ म्हणतात. ते चक्क कोरडं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९८३ साली मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो: सांगितलेल्या गोष्टीचा भार कोणावर पडतो आणि फायदा कोणाला होतो, ते बघा. फायदा ऐकणाऱ्याचा असेल तर थेट आज्ञार्थच सभ्य ठरतो. ‘हॅव अ सीट’, ‘टेक केअर’, ‘एन्जॉय युवर हॉलिडे’ यांत ‘प्लीज’सुद्धा नसलं तरी चालतं. रस्ता सांगताना ‘टर्न लेफ्ट’, धोका दिसल्यावर ‘लुक आउट!’, यंत्राच्या माहितीपत्रकात ‘प्रेस द बटन’ हे सगळं सरळच हवं. रिपोर्टची गोष्ट उलटी होती. मेहनत त्यांची, गरज तुमची.

आज्ञार्थाच्या रचनेतल्या दोनच गोष्टी सांगते. नकार ‘डोन्ट’ने होतो, ‘बी’ असलं तरीही: ‘डोन्ट बी लेट’. ‘बी नॉट लेट’ आज कोणी म्हणत नाही. आणि होकारार्थी वाक्याआधी ‘डू’ आलं की आग्रह येतो. ‘डू सिट डाउन’ म्हणजे आपलं ‘अहो, बसा ना!’ हे मला फार आवडतं, कारण आपल्या ‘ना’ला इंग्रजीत सहसा जागा सापडत नाही, ती इथे सापडते.

आता सुचवणं. ‘लेट्स गो’ म्हणजे ‘जाऊया’, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ‘लेट्स’मधला ‘अस’ हा नेहमी ‘आपण’ असतो, ऐकणाऱ्याला धरून. पूर्ण उच्चारलेलं ‘लेट अस गो’ मात्र ‘आम्हाला जाऊ द्या’ असंही होऊ शकतं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद मराठी माणसाला जन्मापासून कळतो, तेव्हा हे आपल्याला इतरांपेक्षा सोपं जायला हवं.

‘सजेस्ट’ हे क्रियापद मात्र हमखास दगा देतं. ‘मी त्याला सुट्टी घ्यायला सुचवलं’ याचं ‘आय सजेस्टेड हिम टु टेक अ ब्रेक’ असं करू नका. ‘आय सजेस्टेड टेकिंग अ ब्रेक’ म्हणा, किंवा ‘आय सजेस्टेड दॅट ही टेक अ ब्रेक’. त्या ‘टेक’ला ‘एस’ लागत नाही, ती छपाईची चूक नव्हे. आणि ‘यू हॅड बेटर’पासून जपून राहा. पुस्तकात त्याचा अर्थ ‘केलेलं बरं’ असा दिलेला असतो, म्हणून ते मऊ वाटतं. प्रत्यक्षात त्याच्यामागे ‘नाहीतर परिणाम भोगा’ अशी छटा असते. वरिष्ठांना कधीच नको.

तुमचं दुसरं वाक्य मुळात विनंती नव्हतीच. पान चारवर काहीतरी चुकलंय, हे तुम्हाला सुचवायचं होतं. मी दोन्ही वाक्यं अशी लिहिली असती: ‘कुड यू प्लीज सेंड मी द रिपोर्ट बाय टुमॉरो? आय थिंक पेज फोर माइट नीड अनदर लुक.’ दुसऱ्या वाक्यात ‘यू’ राहिलेला नाही, हे बघा. बोट माणसावरून उचलून पानावर ठेवलं. ‘माइट’मुळे तुमचंच चुकत असण्याची शक्यताही मोकळी राहिली.

उद्गारवाचक वाक्यांत आपण अडखळतो ते शब्दक्रमामुळे. ‘हे चित्र किती सुंदर आहे!’ आणि ‘किती सुंदर आहे हे चित्र!’ दोन्ही मराठीत चालतात, आणि भावना दाटून आली की दुसरंच तोंडात येतं. त्याच क्रमाने इंग्रजी बोललं की ‘हाऊ ब्यूटिफुल इज धिस पेंटिंग’ होतं, आणि क्रियापद कर्त्याच्या आधी आलं की ऐकणारा त्याला प्रश्न समजतो. माझा एक विद्यार्थी परदेशी सहकाऱ्याच्या घरी गेला आणि भारावून म्हणाला, ‘हाऊ बिग इज युवर हाउस!’ यजमानांनी शांतपणे खोल्यांची संख्या सांगितली. त्याचं कौतुक पोचलंच नाही, याचं त्याला खरंच वाईट वाटलं होतं. ‘हाऊ बिग युवर हाउस इज!’ असं हवं होतं. कर्ता आधी, क्रियापद शेवटी.

‘हाऊ’नंतर विशेषण किंवा क्रियाविशेषण येतं, ‘व्हॉट’नंतर नाम. एक मोजता येणारी वस्तू असेल तर ‘व्हॉट अ लव्हली गार्डन!’, हवामान मोजता येत नाही, म्हणून ‘व्हॉट लव्हली वेदर!’, अनेक फुलं असतील तर ‘व्हॉट लव्हली फ्लॉवर्स!’, ‘अ’शिवाय. खरं सांगायचं तर रोजच्या बोलण्यात पूर्ण ‘हाऊ’वाली वाक्यं जरा नाटकी वाटतात. ‘युवर हाउस इज सो बिग!’ किंवा ‘इट्स सच अ लव्हली गार्डन!’ जास्त सहज येतं, आणि त्यात शब्दक्रम चुकायची भीतीही नाही.

उद्गारचिन्हाबद्दल थोडं. इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय ब्रिटिश अधिकारी मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, त्यामुळे चिन्ह दोन्हीकडे तेच आहे. मेलमध्ये ‘थँक्स!’पुढे ते छान दिसतं. आज्ञार्थापुढे टाकलं की आवाज चढतो. तुमच्या त्या मेलमध्ये ते नव्हतं, हे बरंच झालं. आता माफीचा वेगळा मेल पाठवू नका. उद्या रिपोर्ट आला की ‘थँक यू फॉर सेंडिंग धिस सो क्विकली’ एवढं एक वाक्य लिहा.